बेचाळीस ठोके

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा मनगट धरलं, तेव्हाच कोंडीरामला कळलं की काहीतरी बिनसलंय.

त्याच्या आधी अकरा जण त्या बाकावर बसून उठून गेले होते. प्रत्येकाचं मनगट एकदाच धरलं गेलं, छातीला नळी लागली, पाठीवर दोन टिचक्या, वहीत खूण, की चालू पडा. बाराव्याचं, म्हणजे त्याचं मनगट धरून बाई घड्याळाकडे बघत राहिल्या. मग घड्याळ कानाला लावून ते चालतंय ना हे बघितलं. मग पुन्हा मनगट.

"तुम्हाला कधी चक्कर येते?"

"नाय बाई."

"डोळ्यांपुढे अंधारी?"

"नाय."

"चालता चालता मटकन पडलात, असं कधी झालंय?"

दारात नंबरासाठी ताटकळलेला लडकू फिदीफिदी हसला. "पडला की बाई! लग्नात पडला, तो अजून उठला नाय."

बाहेरची सगळी रांग हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं. कोंडीराम चौथीपर्यंत शिकलेला होता, त्याला उलटी अक्षरंही लागायची. 'नाडी मंद. ४२.' आणि शेवटच्या रकान्यात, जिथे बाकीच्या अकरा जणांपुढे 'योग्य' होतं, तिथे त्याच्यापुढे 'तूर्त अयोग्य'.

"मंद म्हंजी काय बाई? मी काय येडा हाय?"

"तसं नाही हो. माणसाचं हृदय मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा ठोका देतं. तुमचं बेचाळीस देतंय. आणि मधेच एखादा ठोका गळल्यासारखा वाटतो. कारण कळल्याशिवाय मला तुम्हाला दांडीत उभं करता येणार नाही."

त्याच्यानंतर लडकू आत गेला. बहात्तर. योग्य. बाहेर येताना त्याने कोंडीरामच्या पाठीवर थाप मारली. "मंद्या! आता तू गाडीत बस, आमी वडतो."

हे सदुसष्ट सालच्या सप्टेंबरात माथेरानच्या दवाखान्यात घडलं. पाऊस ओसरत आला होता आणि दिवाळीचा हंगाम महिन्यावर होता. डोंगरावर मोटारीला बंदी. छोटी आगगाडी स्टेशनात आली की पुढे घोडा, नाहीतर हातरिक्षा. रिक्षाला माणसं तीन. दोन दांड्यांच्या मधे उभा राहून ओढतो तो दांडीतला, आणि पाठीमागून लोटतात ते दोघे मागचे. कोंडीराम भिवा रोकडे अठरा वर्षं दांडीत होता. त्याच्या मागे डाव्या बाजूला नागू, उजव्या बाजूला पहिल्यापासून सखा, आणि या मे महिन्यापासून लडकू.

दांडीतला गाडी चालवतो असं बसणाऱ्याला वाटतं. खरं तसं नसतं. चढावर मागचे जेवढं देतील, तेवढंच दांडीतल्याने पुढे न्यायचं. त्यांनी जास्त दिलं तर लांब पाऊल टाकायचं, कमी दिलं तर आखूड. आपल्या मनाने ओढायला गेला तो चार दिवसांत खांदे घेऊन बसतो. म्हणून दांडीतल्याचं सगळं ध्यान पाठीत असतं. मागे वळून न बघता कोंडीराम सांगू शकायचा, नागूने तंबाखू थुंकली की सखाने हात बदलला. चढ लागला की तो ओरडायचा, "घे!" मागून दोघे ओरडायचे, "घेतला!"

मे महिन्यात, बाजाराच्या वरच्या चढावर, गाडीत मुंबईचं जाडजूड जोडपं बसलेलं असताना, उजवीकडून येणारा रेटा हलका पडला. कोंडीरामला वाटलं, सखा अंग चोरतोय. तो ओरडला, "सख्या, घे की रं! का तूच बसलास गाडीत?" उत्तर आलं नाही. दहा पावलांनी गाडी उजवीकडे फिरली. नागूने चाक धरलं. सखा मागे लाल मातीत पालथा पडला होता, हात अजून लोटायला धरल्यासारखे पुढे.

सखा गेल्यावर नगरपालिकेच्या कचेरीने नियम काढला. डॉक्टरने तपासून योग्य लिहिल्याशिवाय बिल्ला मिळणार नाही. नियम चुकीचा आहे असं कोंडीराम कधीच म्हणाला नाही. त्या दिवशी आपण काय ओरडलो ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. ऐकलं होतं फक्त नागूने, आणि नागूने तो विषय कधी काढला नाही.

पितळेचा बिल्ला, आकडा सतरा, त्याने कचेरीत काढून ठेवला. कारकुनाने वहीत बघून विचारलं, "श्री. कोंडीराम भिवा रोकडे?" त्या वहीत त्याच्या नावामागे 'श्री.' होतं. त्याच्या बापाला गावाने जन्मभर "ए भिव्या" एवढंच म्हटलं होतं. पहिल्यांदा ती वही बघितली तेव्हा कोंडीराम मुद्दाम दोनदा सही करून आला होता. बिल्ला परत घेताना कारकुनाने त्या नावावर शिसपेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली. शिसपेन्सिलीने, म्हणजे खोडता येईल अशी. पण रेघ ती रेघच.

दहिवलीला घरी आला तेव्हा जना ओट्यावर तांदूळ पाखडत होती. त्याने सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं आणि सरळ त्याच्या छातीवर तळवा टेकवला, भर उजेडात, शेजारीण बघत असताना.

"ह्ये असंच हाय," ती म्हणाली. "लग्नापासनं असंच हाय. दोन ठोक्यांच्या मधी मला झोप लागती."

"सख्याला तरी कुटं काय व्हतं गं?"

जनाने हात काढला नाही. ती म्हणाली, "बाईंनी चिट्टी दिलीय ना मुंबईची? मग जावा. बिल्ल्यासाठी नगा जाऊ. मला कळाया पायजेल म्हनून जावा."

मुंबईच्या त्या मोठ्या रुग्णालयात बाई स्वतः एक दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. त्या तिथेच शिकलेल्या. दारातच एका माणसाने कोंडीरामला चाकांच्या खाटेवर आडवं व्हायला सांगितलं.

"मला काय झालंय? मी चालतो की."

"हृदयाचा पेशंट चालत न्यायचा नाय, असा हुकूम हाय. झोप गपचिप."

बोलणं ऐकून कोंडीरामने मान वर केली. "कुठलं वो तुमी?"

"चौक गावचा. मोरू. हायवेला आमच्या भावाचं गॅरेज हाय."

अठरा वर्षं माणसं ओढलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याने नेलं. लिफ्ट बंद होती. वर जायला जिन्याच्या शेजारी एक लांब चढ होता, वळणं घेत तीन मजले जाणारा, खाटा नेण्यासाठी बांधलेला. मोरू एकटाच मागून लोटत होता आणि खाटेचं तोंड दर वळणाला भिंतीवर आपटत होतं.

"कंबर खाली घाला, मोरूदादा. हातानं लोटू नगा, पायानं लोटा."

"पेशंट हायस का मुकादम?"

वर मोठ्या डॉक्टरांनी आधी छातीला तारा लावून कागदावर हृदयाची रेघ काढली. केस पिकलेले, आवाज खालचा. रेघेवर ठोक्यांचे काटे एकामागून एक उभे होते, आणि चार-पाच काट्यांनंतर एक जागा मोकळी. गळलेला ठोका.

"दोन शक्यता आहेत," ते बाईंना म्हणाले, पण कोंडीरामला ऐकू जाईल असं. "हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याला ठोक्याचा निरोप जातो. एक तर या माणसाचं हृदय इतकं दणकट आहे की बसल्या जागी त्याला घाई करायचं कारणच उरलेलं नाही, म्हणून निरोपही निवांत जातो. नाहीतर निरोप नेणारी तार खराब होत चाललीय. स्वस्थ बसलेल्या माणसात दोन्ही सारखंच दिसतं. फरक ओझं टाकल्यावर कळतो."

"आन् तार खराब असली, आन् ओझं टाकलं, तर?" कोंडीरामने विचारलं.

मोठे डॉक्टर त्याच्याकडे वळले. "म्हणून तर ओझं इथे टाकायचं. डोंगरावर नाही."

आधी बसल्या जागी मोजायचं ठरलं. ठोके किती ते सगळ्यांना मोजता येतं. पण मिनिटाला हृदय एकूण रक्त किती बाहेर टाकतं, ते हातांनी मोजता येत नाही. उजव्या हाताच्या शिरेत त्यांनी मोजून एक थेंबभर हिरवा रंग सोडला. डाव्या मनगटाच्या धमनीतून रक्त एका बारीक नळीने यंत्रातून जात होतं, आणि त्यात रंग किती उतरला ते यंत्राची लेखणी कागदावर काढत होती. काही क्षण सरळ रेघ. मग ती चढली, टोकाला गेली आणि उतरली.

"काय कळतं ह्यातून?"

बाई समजावायला गेल्या. "रंग किती टाकला ते आपल्याला माहीत आहे. पुढे तो किती पातळ झाला ते यंत्र सांगतं. जितका पातळ झाला, तितकं रक्त…"

"थांबा, कळलं," कोंडीराम म्हणाला. "पटकीच्या सालात विहिरीत लाल दवा टाकायचे. आमच्या वस्तीच्या विहिरीत एक पुडी टाकली की पानी पार जांभळं. तीच पुडी गावच्या मोठ्या विहिरीत टाकली तर दिसायचीबी नाय. एवढासा व्हतो मी, पन तवाच कळलं व्हतं, कुनाच्या विहिरीला पानी किती."

बाईंनी मान खाली घालून आकडेमोड केली.

आकडा आला पाच लिटर आणि वर चारशे मिली. बेचाळीस ठोक्यांत. साधा माणूस एवढंच रक्त बहात्तर ठोक्यांत टाकतो. त्याच्या एका ठोक्यात पाऊण कप रक्त जात असेल तर कोंडीरामच्या ठोक्यात सव्वा. माल तेवढाच, खेपा कमी.

"मग मी चांगला हाय!"

"बसलेला चांगला आहात," मोठे डॉक्टर म्हणाले. "तार खराब असली तरी बसल्या जागी हृदय मोठे घोट भरून वेळ मारून नेतं. मागणी वाढली की काय करतं, ते बघू. यांना सायकलवर घ्या."

सायकल खोलीच्या कोपऱ्यात होती. तिला चाक एकच, आणि तेही जमिनीला न टेकणारं. पॅडल मारायचं, दर दोन मिनिटांनी बोजा वाढवायचा, नाडी मोजत जायची. तोंडात नळी, नाकाला चिमटा. सोडलेला श्वास रबरी कापडाच्या मोठ्या पिशवीत जमणार. अंगाने किती प्राणवायू वापरला ते त्यावरून निघतं, आणि तेवढा प्राणवायू पोचवायला हृदयाला किती रक्त फिरवावं लागलं असेल, याचा अंदाज.

कोंडीराम चढला. पाय पॅडलवरून निसटला. परत ठेवला. दुसरा निसटला. तो गुडघे बाहेर फाकून, सगळं अंग पुढे रेटून जोर लावायचा आणि पॅडल अर्ध्यावर अडायचं. तिसऱ्या मिनिटाला मांड्या दगड झाल्या. पाचव्याला त्याने नळी तोंडातून काढली. "बास."

"नाडी सत्तर," बाई हळूच म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "थकून उतरला, आणि हृदय सत्तरच्या वर गेलं नाही. मागणी आली, पण निरोप पोचला नाही." त्यांनी लेखणी उचलली.

कोंडीरामने ती लेखणी बघितली. कचेरीतली रेघ शिसपेन्सिलीची होती. ही शाईची होती. कोपराच्या आत टोचलेल्या जागी दुखत होतं. सायकलवर नव्हता लागला तो दम त्याला आता लागला.

"दम लागला होता का तुम्हाला?" बाईंनी विचारलं. "उतरलात तेव्हा?"

"दम कशाचा बाई? मांड्या धरल्या. हे वर-खाली, वर-खाली, ह्याला काम म्हनायचं का? ना पुढं जायचंय, ना मागं कोन लोटतंय."

"याआधी सायकल कधी चालवली होती?"

"कुठं चालवनार?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "सर! माथेरानला सायकलला बंदी आहे. मोटार नाही, बैलगाडी नाही, सायकलही नाही. हा माणूस जन्मात पहिल्यांदा सायकलवर बसलाय. हृदयाला कामाची वर्दी जायच्या आधीच पाय हरले."

मोठ्या डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "मग याच्यावर ओझं टाकायचं कसं?"

उत्तर कोंडीरामने दिलं. "तो चढ हाय ना खालपासनं. मोरूदादाची खाट द्या मला."

बोलणं सोपं होतं. होकार यायला तास लागला. सायकलवर माणूस कोसळला तर बाजूला औषधं, टेबल, सगळं हाताशी. चढाच्या मधल्या वळणावर कोसळला तर? मोठ्या डॉक्टरांनी प्रत्येक मजल्यावर औषधाचा ट्रे घेऊन एकेक नर्स उभी केली. मग एक कागद पुढे केला: होणाऱ्या परिणामाची मला कल्पना आहे. कोंडीरामने वाचला, आणि सही केली. पूर्ण नाव, पुढे 'श्री.'सकट.

खाटेला दांड्या नव्हत्या, म्हणून दोन चादरी पिळून पट्टे बांधले. खाटेवर पिशवीची तोटी आणि घड्याळ घेऊन बाई बसल्या, शेजारी ओझ्याला म्हणून प्राणवायूची दोन लोखंडी नळकांडी ठेवली. मागे डावीकडे रुग्णालयाचा एक हमाल, उजवीकडे मोरू.

"तोंडात नळी असंल, मला वरडता येनार नाय," कोंडीराम म्हणाला. "मी खाटेच्या लोखंडावर थाप मारली की घ्यायचं. आन् मी सांगीस्तोवर सोडायचं नाय."

"मुकादमच हायस तू," मोरू म्हणाला, पण त्याने कंबर खाली घातली.

थाप. खाट हलली. पहिला मजला सहज गेला. पाठीने मागच्यांचा रेटा ओळखला आणि पाऊल आपोआप पडू लागलं. दुसऱ्या मजल्यावर छातीत पहिल्यांदा आवाज सुरू झाला. एरवी तो आपल्या हृदयाकडे लक्ष देत नसे. आज प्रत्येक ठोका ऐकू येत होता. एक. एक. मग त्यांच्यामधली जनाच्या झोपेएवढी जागा कमी कमी होत गेली. गळतो का? आता गळंल. आता. डावीकडे भिंत, खाली उतार, वर एक पांढरी टोपी आणि हातात ट्रे.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर उजवीकडचा रेटा हलका पडला.

पाठीला ते आधी कळलं, त्याला नंतर. तसाच चढ, तीच बाजू. तोंडात नळी नसती तर तो ओरडला असता, आणि काय ओरडला असता तेही त्याला माहीत होतं. नळी होती म्हणून तो ओरडू शकला नाही. त्याने पाय रोवले, सगळा भार चादरींवर घेतला आणि मान वळवून मागे बघितलं.

मोरूची चप्पल निसटून खाली घरंगळत गेली होती. एका पायावर उभा राहून तो तिला शिव्या घालत होता.

"थांबू नका!" बाई खाटेवरून म्हणाल्या. "पिशवी भरतेय!"

कोंडीराम थांबून राहिला. मोरूने अनवाणी पाय टेकवला, कंबर खाली घातली, मान हलवली. मगच थाप पडली.

वर पोचताच बाई उडी मारून उतरल्या आणि मनगट धरलं. मोठ्या डॉक्टरांची नळी छातीवर. पंधरा सेकंद कुणी श्वास घेतला नाही. घेत होता तो फक्त कोंडीराम.

"एकोणचाळीस," बाई म्हणाल्या. "चार पट. एकशे छप्पन."

"एकही गळलेला नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. लगेच तारा लावल्या. कागदावर काटे दाटीने उभे होते, मधे एकही मोकळी जागा नाही. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं तेव्हा नाडी साठच्या खाली आली होती, तबेल्याकडे परतणाऱ्या घोड्यासारखी, कुणी न हाकता.

पिशवीतल्या हवेवरून हिशेब निघाला. मोजमाप नव्हे, अंदाज. पण मिनिटाला वीस लिटरच्या आसपास. "म्हणजे रॉकेलचा भरलेला डबा, आणि वर थोडं," बाईंनी सांगितलं. "मिनिटाला एक डबा."

मोठे डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. "माझ्या विद्यार्थ्यांना मी हे शिकवतो ते त्यांना पटकन कळत नाही. तुम्हाला कळेल. किती रक्त फिरवायचं ते हृदय एकटं ठरवत नाही. मेंदूकडून घाईचा निरोप येतो हे खरं, पण पाय कामाला लागले की स्नायू रक्त मागून हृदयाकडे लोटतात. जेवढं आत येतं तेवढं हृदय ताणलं जातं, आणि जेवढं ताणलं जातं तेवढ्या जोराने पुढे टाकतं. मागून आलं नाही, तर ते पुढे काही देऊ शकत नाही."

"म्हंजी दांडीतला मानूस," कोंडीराम म्हणाला.

त्यांनी दिलेल्या पत्रात लिहिलं होतं: नाडी मंद, ती सबळ हृदयाची, कामास योग्य. कचेरीतल्या कारकुनाने शिसपेन्सिलीची रेघ खोडरबराने खोडली. बारीक खूण राहिली. सतरा नंबरचा बिल्ला कोंडीरामने त्याच्यासमोरच लावला.

मुंबईहून बाईंनी मात्र एक नवीनच खूळ आणलं, असं रिक्षावाले म्हणू लागले. बाकावर बसवून नाडी मोजणं बंद. ज्यांना आधी योग्य लिहिलं त्यांनीही पुन्हा यायचं. बाई स्वतः गाडीत बसणार, तिघांनी बाजाराच्या वरच्या चढावर न्यायची, आणि वर पोचल्यावर तिघांची मनगटं धरणार.

"सगळा तुजा परताप, मंद्या," लडकू गाडीला हात लावत म्हणाला. त्याचा आवाज नेहमीएवढा मोठा नव्हता. "एकदा पास केलेल्याला परत काय बघायचं?"

"फुकट सवारी मिळती बाईंना," नागू म्हणाला. "घे रं, कोंडू."

"घे!"

"घेतला!"

चढ लागला. चाकाखाली लाल माती करकरत होती. पन्नास पावलं ठीक गेली. साठाव्याला उजवीकडचा रेटा हलका पडला. मग पुन्हा आला. मग पुन्हा गेला. आज चप्पल नव्हती. लडकू अनवाणीच लोटायचा.

वर पोचायला चाळीस पावलं उरली होती. नागू आणि तो मिळून ती ओढून नेऊ शकले असते. वरती मिनिटभर उभं राहायचं, लडकू दोन थट्टा करील, तेवढ्यात त्याची नाडी खाली येईल, बहात्तर, योग्य. बिल्ला गेला की कसं वाटतं ते महिनाभर कोंडीरामने अंगावर काढलं होतं. "घे की रं" हे शब्द ओठापर्यंत आले.

त्याने दांड्या खाली टेकवल्या.

"बाई, उतरा."

"काय झालं?"

"ह्याचं मनगट धरा. हितंच. वर नगा."

नागूने काही न विचारता चाकाखाली दगड सरकवला. लडकू गाडीच्या पाठीला टेकून उभा होता, ओठ जांभळट, छाती भात्यासारखी. तरी तो चवताळून पुढे आला. "तुजा बिल्ला आला, आता माजा घालवतोस व्हय रं? मी घेत नव्हतो का? सांग, घेत नव्हतो का?"

"घेत व्हतास. येत नव्हतं."

"उन्हानं झालं!"

"लडकू, सख्याचंबी उन्हानंच झालं, आसं मी म्हनलो असतो," कोंडीराम म्हणाला. मग नागूकडे बघत, पहिल्यांदाच मोठ्याने, "मी त्याला वरडलो व्हतो. तो अंग चोरतोय म्हनून वरडलो. मागं बघितलं नाय."

नागूने मान हलवली. त्याला ते नवीन नव्हतं.

लडकू रस्त्याच्या कडेला बसला. बाई त्याच्यासमोर मातीत बसल्या, मनगट धरलं, घड्याळ बघितलं. मग नळी काढून छातीला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग पुन्हा मनगट.

ते दुसऱ्यांदा धरलेलं बघून लडकूचा चेहरा पडला. इतका वेळ तो कोंडीरामकडे बघत नव्हता; आता बघितलं.

कोंडीराम त्याच्या शेजारी लाल मातीत टेकला आणि त्याचा मोकळा हात आपल्या हातात घेतला.

"भिऊ नगं," तो म्हणाला. "माजंबी दोनदाच धरलं व्हतं."